रुखमिणीने घेतलेली नावं

१

माझ्या आणि रुखमिणीच्या घरामध्ये भिंत एकच आहे, तीही एका विटेची. तिच्याकडे फोडणी पडली की मोहरी किती घातली तेही मला कळतं. गल्लीतले लोक मला चौकशा करणारी बाई म्हणतात. म्हणोत बापडे. पलीकडचं ऐकू येतं, तर काय कानात बोळे घालून बसू?

रुखमिणी अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, लेकरूबाळ नाही. बाहेर जाताना घराची किल्ली माझ्याकडे देते, मी ती खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवते. माझ्याकडे भाजी झाली की वाटी तिच्याकडे जाते आणि तिच्याकडून ती कधी रिकामी येत नाही. जीव लावणारी बाई आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणी तिला नावं ठेवू नयेत.

आमच्या घरात आम्ही दोघंच. लेक टीना, तिला गोंदियाला दिली. हे साकोलीला राइस मिलमध्ये वजनकाट्यावर आहेत. सकाळी जुनी मारुती काढतात, संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला परत. मला दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न, मग फाटक, मग बूट काढल्याचा आवाज आणि मग, “पाणी दे व.” अठ्ठावीस वर्षं. तेवढ्यासाठी मी लोकांच्या लग्नातून जेवण टाकून उठून आले आहे.

२

यंदा वैनगंगेच्या पुलाचं काम निघालं. एकाच बाजूने गाड्या सोडत. संध्याकाळी साकोली-लाखनीकडून येणाऱ्यांची रांग लागायची, अर्धा अर्धा तास जागची हलायची नाही. त्याच सुमारास भंडाऱ्यात एक छोटं रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि बाजारातल्या वासुदेवराव भांडेवाल्यांनी त्यावर जाहिरात द्यायची ठरवली. आवाज घरातल्या बाईचा पाहिजे होता. रुखमिणी अंगणवाडीत लेकरांना गाणी म्हणून दाखवते, ते कोणीतरी ऐकलं होतं. तिला बोलावणं आलं.

जाहिरात अशी. वासुदेवरावांच्या दुकानातून जी बाई पितळेचं भांडं घेईल तिने चिठ्ठीवर आपल्या नवऱ्याचं नाव लिहून द्यायचं. दुसऱ्या दिवशी रुखमिणी त्या नावाचा उखाणा घेणार. पण तो वाजणार फक्त गाड्या अडकल्यावर. पुलापलीकडे, कारधा गावाच्या रस्त्याला यादोरावची चहाची टपरी आहे. रांगेचं शेपूट टपरीपर्यंत आलं की यादोराव स्टेशनवर फोन करायचा आणि इकडे उखाणा लागायचा.

स्टेशनवरची खुशबू, ती बडबडी पोरगी, एकदा रुखमिणीकडे आली होती. तिने मला नीट समजावून सांगितलं.

“काकू, चालत्या गाडीतला माणूस जाहिरात ऐकत नाही. अडकला की ऐकते. अडकलेल्याच्या डोक्यात एकच असते, घर. तेवढ्यात आपण त्याले घर ऐकवून द्यायचं.”

पहिला उखाणा समोरच्या सुलोचनाबाईंच्या नवऱ्याच्या नावाचा होता. मी गॅसजवळ उभी होते, मोबाइलवर रेडिओ लावलेला.

‘चुलीवर चहा, चहात आलं,
पुंडलिकरावांसाठी दार उघडं ठेवलं.’

मागे कपबशीचा बारीकसा आवाज. मग दुकानाचं नाव.

उन्हातून आलेल्याच्या हाती कोणी गार पेला द्यावा, तसा तो आवाज. रोज भिंतीपलीकडून ऐकते त्याच बाईचा, पण असा कधी ऐकला नव्हता. या बाईला अकरा वर्षांत आम्ही कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. तिने आता अख्ख्या जिल्ह्याचे नवरे जिभेवर घेतले होते, आणि मला ते खुपलं. खोटं कशाला बोलू?

त्यात हे घरी येऊन म्हणतात, “काय गोड आवाज आहे व त्या रुखमिणीचा! अख्ख्या रांगेत हॉर्न बंद होतात. ट्रकवालेबी काच खाली करून ऐकतात.”

“तुमी आपल्या गाडीकडे लक्ष द्या,” मी म्हटलं. “समोरची हलली तर मागचे शिव्या देतील.”

३

पंधरा दिवसांनी सुलोचनाबाई पापड वाळवताना मला म्हणाल्या, “निर्मला, एक गंमत सांगू का? यायचं नाव रेडिओवर आलं होतं ना, त्या दिवसापासून हे घरी आले की पाय धुत नाहीत.”

“घाणेरडेपणा आहे मग. गंमत काय त्यात?”

“अवं ऐक तर. मी म्हटलं, पाणी ठेवलं, धुऊन घ्या. तर म्हणतात, आत्ताच तर धुतले. बूट काढले त्यायनं. बूट कोरडे, मोजे कोरडे, अन् पाय ओले.”

“घाम असंल जी. दिवसभर बूट घालून राहिल्यावर काय होईन?”

“घामाले साबणाचा वास येते का व?”

आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले. कारण माझ्या मनात पायांचं काही नव्हतंच. माझ्या मनात होतं, हिने हौसेने भांडं आणलं, हिच्या नवऱ्याचं नाव साऱ्या भंडाऱ्याने ऐकलं. आणि आमचं?

त्या संध्याकाळी रुखमिणी स्टेशनवर गेलेली होती. पाच ते सात दुसऱ्या दिवशीचे उखाणे भरून घेत. किल्ली माझ्या खिळ्याला. सहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर कोणा दिघोरीच्या माणसाचं नाव झालं. मी कणीक मळत होते. आणि भिंतीपलीकडे कोणीतरी चपला काढल्या.

एक. मग दुसरी. दमलेला माणूस भिंतीला हात लावून काढतो तशा.

मग पाण्याचा आवाज. पाण्याच्या गुंडात, घागरीत, पेला बुडवल्यावर येतो तो, बुडुक. मी हात तसेच पिठात ठेवून ऐकत राहिले. उंदीर चपला काढत नाहीत. तरी मी मनाला म्हटलं, पलीकडच्या बोळात कोणी आलं असेल. जुन्या भिंतीत आवाज कुठून कुठे फिरतो.

मग आणखी एकाच्या चपला वाजल्या.

४

चार दिवस मी मोजत होते. रेडिओवर नाव झालं की पाच-सात मिनिटांत पलीकडे हालचाल. आणि दर दिवशी एक माणूस जास्त. आधीचे जात नव्हते, की रोज परत येत होते, कोण जाणे.

पाचव्या दिवशी मी किल्ली काढली. म्हटलं, काही असलं तर रुखमिणीला सांगायला हवं, चोर-बीर असला तर? खरं तर मला पाहायचंच होतं. सूर्य अजून वर होता, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मी कुलूप उघडलं तसा आतला आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं. चटई गुंडाळून कोपऱ्यात. ओट्यावर गुंड, त्यावर झाकण, झाकणावर पालथा पेला. फरशी कोरडी ठणठणीत. सगळं तिचं जसं असतं तसं.

पण खोली ऊबदार होती. पंगत नुकतीच उठून गेल्यावर मांडव जसा असतो, तशी. आणि वास होता. डिझेलचा, धुळीचा, दिवसभर स्टिअरिंग धरलेल्या हातांचा. त्या घरात अकरा वर्षं उदबत्ती आणि खोबरेल तेलाशिवाय कसला वास मी घेतला नव्हता.

मी कुलूप लावलं. घरी आले. सुलोचनाबाईंच्या घरापुढे मालवाहू ऑटो उभा होता, त्याचाच धूर आत गेला असणार, असं मी ठरवून टाकलं. आणि ठरवलं की मला ते पटतंच.

पलीकडे कोणीतरी हळूच खाकरलं.

५

शहाण्या बाईने एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी हे जेवताना गप्प होते. वरण वाढलं तरी बोलेनात.

“काय झालं जी?”

“काही नाही.”

“मीठ जास्त झालं का?”

“अवं नाही,” म्हणाले. मग भात कालवता कालवता, “आमच्या मिलमधले सगळ्यायचे नावं येऊन गेले रेडिओवर. आज तो नवीन हमाल, त्याचंबी आलं. सगळे मले विचारून राहिले, साहेब, तुमचं कधी? मी म्हटलं, आमच्या घरी असे चोचले नाहीत.”

मी भातावर आणखी वरण वाढलं.

“तसंबी,” ते म्हणाले, “माझं नाव घ्यायले आहे कोण?”

हसत म्हणाले. पण ते हसणं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मी यांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. आमच्या माहेरी, सानगडीकडे, नव्हतेच घेत. लग्नात सासूबाईंनी उखाणा घ्यायला लावला तेव्हा मी लाजून पदरात तोंड घातलं, ते राहूनच गेलं. मला वाटायचं यांना तेच आवडतं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी पुलावर अडकून दुसऱ्यांच्या नावांत आपलं नाव शोधत बसला होता.

वास, चपला, खाकरणं, सगळं मागे पडलं. सकाळी मी बाजारात गेले आणि वासुदेवरावांच्या दुकानातून पितळेचा गुंड घेतला. त्यांच्या सुनेने चिठ्ठी पुढे केली.

“नाव सांगा काकू, मी लिहिते.”

“मले दे,” मी म्हटलं. “मीच लिहिते.” लिहायला लाज वाटत नव्हती.

६

दुपारी रुखमिणी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. चेहरा फुललेला.

“वयनी, तुमी टाकली नं चिठ्ठी? मी अक्षर वळखलं.”

“हो व. त्यायची हौस.”

ती उंबऱ्याशी बसली. चिठ्ठीची घडी घालत, उलगडत राहिली. मग म्हणाली, “एक म्हणू का? तुमीच चला ना माझ्यासंगं. खुशबू काही म्हणणार नाही. माइकपुढे तुमी घ्या त्यायचं नाव. मी बाजूले उभी राहीन.”

“मी?”

“दोन ओळीच तर हायेत. मी जुळवून देते. भाऊजी अडकून असतील पुलावर, अन् तुमचा आवाज ऐकला तर…” ती थांबली. “लोकायचे नवरे मी किती दिवस बोलावू, वयनी?”

बोलावू. तिने हाच शब्द वापरला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं ते वेगळंच. ही मला शिकवते? ही मला उखाणा जुळवून देणार, आणि माझा घोगरा आवाज हिच्या आवाजाच्या शेजारी वाजणार? सगळी रांग म्हणेल, ही कोण बाई?

“नको व,” मी म्हटलं. “मले नाही जमत ते. तूच घे.”

“नक्की?”

“सांगितलं ना एकदा! तूच घे म्हणून.”

तिने मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात देऊन गेली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं ते ‘बोलावू’ आणि पलीकडच्या चपला सारख्या आठवत होत्या. दुपारी न राहवून मी खुशबूला फोन लावला.

“आजचं नाव काढून टाक ना बेटा.”

“काकू, भरून ठेवलेलं आहे, आता कसं काढू? काहून, काय झालं?”

काय सांगणार? पाय ओले होतात म्हणून?

“अन् गाड्या अडकल्या नाही तर?”

“मग नाही वाजणार. पण काकू, अडकतातच.”

साडेपाचला यांना फोन केला. उचलला नाही. गाडी चालवताना उचलत नाहीत, मीच घातलेली शपथ. सहा वाजले. गाणी सुरू होती. सहा पाच. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. रस्ता मोकळा असावा म्हणून मी देवापुढे हात जोडले. सहा दहाला गाणं मधेच कमी झालं.

‘गुंडावर झाकण, झाकणावर पेला,
भोजराजांचा पाय माझ्या घरात आला.’

रोज ती ‘वाट पाहते’ म्हणायची, ‘दार उघडं ठेवलं’ म्हणायची. आज ‘आला’ म्हणाली.

मी भिंतीला कान लावला. वेळ गेला नाही फारसा. बूट निघाले, आधी डावा, मग उजवा, आणि उजवा नेहमीसारखा टाचेने ढकलून. अठ्ठावीस वर्षं ऐकलेला आवाज. त्यानंतर, माझ्या घरात नाही, तिकडे,

“पाणी दे व.”

मी किल्ली घेऊन धावले. कुलूप जागच्या जागी, बाहेरून लावलेलं. घाईत किल्ली लागेना. दाराच्या फळ्यांत बोटभर फट आहे. तिला डोळा लावला.

आत उजेड कमी होता. मला खालचं तेवढं दिसलं. चटई अंथरलेली, आणि तिच्यावर पंगतीला बसल्यासारखे पुरुषांचे गुडघे. ओळीने. कोणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं. घरी पोचलेला माणूस जसा सैल बसतो तसे सगळे बसले होते. ओली पावलं. समोरून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा. रुखमिणी अकरा वर्षं बांगडी घालत नाही. त्या हातात पेला होता. ओळीतल्या शेवटच्या माणसाने तो घेतला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं होतं, काट्याखाली चेंगरलेलं. त्याला महिनाभर मी हळद बांधत होते.

तो हसला. पोट धरून हसतात तसा, तरण्या पोरासारखा. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी हे असं हसायचे.

आणि त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

मारुती वळली. हे उतरले. फाटक उघडलं, मला रुखमिणीच्या दाराशी पाहिलं आणि म्हणाले, “इथं काय करून राहिली?”

मी त्यांचा हात धरला. नख काळंच होतं. हात गरम, माणसाचाच. मी घरात नेलं, खुर्चीवर बसवलं, बूट मीच काढले. मोजे कोरडे होते.

पाय पुसायला मी पदर पुढे केला. पाणी टिपत राहिले.

“नाव ऐकलं का जी?” मी विचारलं.

“कोणतं नाव?” ते म्हणाले.

८

पुलाचं काम संपलं. आता दोन्ही बाजूंनी गाड्या जातात, यादोराव फोन करत नाही, वासुदेवरावांनी जाहिरात बंद केली. रुखमिणीला मात्र स्टेशनवर लेकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम मिळाला. पाच ते सात ती तिकडेच असते. बिचारी येता-जाता विचारते, “वयनी, तुमी वाळून राहिल्या. काही होते का?” मी तिला काय सांगू? तिच्या हाताला अजूनही बांगडी नाही. पाहते मी रोज.

हे बरे आहेत. कामावर जातात, वेळेवर येतात, वाढलेलं खातात. टीनाचा फोन आला की नातवाची चौकशी करतात. कोणी म्हणणार नाही की माणसात काही बदल आहे. फक्त माझ्याकडे काही मागत नाहीत. पाणी नाही, चहा नाही, मीठसुद्धा नाही. जे हवं ते कुठेतरी मिळून आल्यासारखे बसतात, टीव्हीकडे बघत. सुलोचनाबाईंना मी एकदा विचारलं, पुंडलिकरावांचं कसं आहे? त्या म्हणाल्या, “चांगलं आहे की. काही त्रासच नाही आता,” आणि पापड उलटायला लागल्या. वर पाहिलं नाही त्यांनी.

मी भीत नाही आता. भीती पहिले आठ दिवस होती. आता सहा वाजले की मी भिंतीशी पाट टाकून बसते आणि ऐकते. तिकडे हे दिवसभराचं सांगतात. काट्यावर कोण भांडलं, कोणाच्या पोत्यात ओला धान निघाला. मला हे कधी सांगितलं नव्हतं, की मी कधी विचारलं नव्हतं, आता आठवत नाही. तिकडून बांगड्या वाजतात. हे हसतात. तेव्हा माझ्या छातीत जे जळतं ते भुताखेताच्या भीतीने जळत नाही, हे मला पक्कं कळतं. बाई आहे मी.

काल मला राहवलं नाही. हे माझ्यामागे खुर्चीवर बसलेले होते, बातम्या लावून. आणि हे भिंतीपलीकडे होते, हसत. मी भिंतीवर दोन्ही हात ठेवले, ओठ विटेला लावले आणि नाव घेतलं. उखाणा नाही, जी नाही, राव नाही. नुसतं नाव.

“भोजराज.”

घसा खरवडून आला आवाज. माझा मलाच ओळखू आला नाही.

मागे खुर्ची हलली नाही. बातम्या चालू राहिल्या.

पलीकडचं हसणं मात्र थांबलं.

“कोण आहे?” हे म्हणाले. भिंतीच्या अगदी जवळून. “कोणीतरी मले आवाज देऊन राहिलं.”

तिकडे बांगड्या वाजल्या. मग तो गोड आवाज, गार पाण्यासारखा.

“कोणी नाही जी. शेजारच्या बाई आहेत.”